पोरांचा हात हलतो म्हणायच्या आधी बंदुकीच्या हवेचं गेज बघा : नागपूरच्या शूटिंग क्लबवाल्यांना खुलं पत्र

नागपुरात नवीन पोट्ट्यांना एअर रायफल आणि एअर पिस्तूल शिकवणाऱ्या सगळ्या क्लबवाल्यांना, कोच सरांना आणि मॅडमना,

नमस्कार.

मी शूटर नाही हे आधीच सांगतो. हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, एकोणीस वर्षं हवेवर चालणाऱ्या मशिनींमध्येच गेली, ओ-रिंग (हवा गळू नये म्हणून जोडात बसवतात ती रबरी रिंग), व्हॉल्व्ह, रेग्युलेटर हेच रोजचं काम. माझी लेक नववीत आहे. २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ मिळालं, कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यातला पोरगा, तेव्हा रेल्वेत टीसी, ते तिनं टीव्हीवर बघितलं आणि हट्टालाच पेटली की मला रायफल शिकायची. घातली क्लबमध्ये. कोणत्या ते लिहीत नाही, कारण त्या सरांबद्दल माझ्या मनात राग नाही, त्यांनी पोरीला मन लावून शिकवलं, आणि दुसरं म्हणजे चार-पाच पालकांशी बोलल्यावर लक्षात आलं की आमच्यासोबत जे झालं ते बाकी ठिकाणीही होऊन राहिलं आहे. म्हणून सगळ्यांनाच लिहितो.

झालं असं की पहिले चार-पाच महिने मस्त गेले. उभं कसं राहायचं, श्वास कुठं थांबवायचा, ट्रिगर कसा दाबायचा, घरी आली की आरशासमोर उभी. मग तिचे शॉट खाली जायला लागले. सुरुवातीचे वीस-पंचवीस नऊ-दहात (दहा म्हणजे टारगेटच्या मधोमध) आणि त्यानंतर हळूहळू सरळ खाली, आठ, सात, कधी सहा. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, खालीच. सर म्हणाले स्टॅमिना कमी पडतो, थकली की हात खाली येतो. ऐकायला पटण्यासारखंच होतं, पाच किलोच्या आसपासची रायफल आणि चौदा वर्षांची पोरगी. मग आम्ही काय नाही केलं सांगा. सकाळी साडेपाचला अंबाझरीला पळायला नेलं, प्लँक, डंबेल, घरात कधी अंडं आलं नव्हतं ते तिच्या आईनं उकडून द्यायला सुरुवात केली. तीन महिने हे चाललं. स्कोअर जिथल्या तिथंच. एक दिवस रेंजवरून आली, बॅग कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "बाबा, माझ्यात दमच नाही. सर बरोबर म्हणतात. मी सोडून देते."

त्या शनिवारी मला सुट्टी होती, रेंजवर मागे खुर्ची टाकून बसलो. त्या रायफलवर तिची पाळी तिसरी असते, आधीचे दोघं शूट करून जातात मग ही. तिचे तीस-पस्तीस शॉट झाले, पुन्हा तेच, खाली खाली. तिनं रायफल खाली ठेवली, बोल्ट उघडा, सगळ्यांचं फायरिंग थांबलं होतं, मी सरांना विचारून पुढे गेलो आणि बाजूनं वाकून रायफलच्या हवेच्या सिलिंडरचं गेज, म्हणजे दाब दाखवणारं मीटर, बघितलं. हे गेज नळीच्या खाली सिलिंडरच्या पुढच्या टोकाला असतं, म्हणजे जो शूट करतो त्याला ते दिसतच नाही. काटा सत्तर बारच्या खाली होता.

ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, पण पालकांसाठी सांगतो. या रायफलच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) हवा भरतात. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज घ्या. आत एक रेग्युलेटर असतो, तो ही मोठ्या दाबाची हवा कमी करून प्रत्येक शॉटला सारखीच देतो, म्हणूनच पहिला शॉट आणि शंभरावा शॉट एकाच वेगानं जातो. पण सिलिंडरचाच दाब रेग्युलेटरच्या सेटिंगच्या खाली गेला की रेग्युलेटर बिचारा काय करणार, जे येईल तेच पुढे देतो. छर्ऱ्याचा वेग पडायला लागतो. आवाज थोडा बदलतो पण कानात प्लग असतात, पोरांना काय कळणार.

आता वेग पडला की काय होतं त्याचा हिशोब मी घरी कागदावर केला, दहावीचं फिजिक्स आहे, कोणीही करून बघावा. १७० मीटर प्रति सेकंदानं निघालेला छर्रा १० मीटर जाईपर्यंत साधारण १७ मिलिमीटर खाली येतो, साईट, म्हणजे नेम धरायचा भाग, त्या हिशोबानं लावलेली असते. वेग १४० वर आला तर तो २५ मिलिमीटर खाली येतो. फरक ८ मिलिमीटर. तुम्ही म्हणाल ८ मिलिमीटर म्हणजे काय, पण एअर रायफलच्या टारगेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि एका रिंगपासून पुढची रिंग अडीच मिलिमीटरवर. म्हणजे पोरीनं अगदी परफेक्ट दहा मारला, हात हलला नाही, श्वास बरोबर, ट्रिगर बरोबर, तरी टारगेटवर सात दिसणार. आणि मागून आवाज येणार, हात वर ठेव, हात खाली येतो तुझा.

हे लिहितानाही मला कसंतरी होतं. तीन महिने त्या पोरीनं बरोबर शॉट मारले आणि चूक समजून ते दुरुस्त करायचा प्रयत्न केला. बरोबर असलेली गोष्ट दुरुस्त करायला गेलं की ती बिघडतेच. आता रायफल ठीक आहे तरी शॉट घ्यायच्या वेळी ती नकळत खांदा वर उचलते, ती सवय अजून पूर्ण गेली नाहीये.

पुढचं तर अजून वाईट. मी सरांकडून त्या रायफलवरच्या बाकी पोरांच्या वह्या मागितल्या, त्यांनी लगेच दिल्या हे त्यांचं मोठेपण. त्या रायफलवर तिसऱ्या पाळीला येणाऱ्या आणखी दोन पोरांच्या वहीत तेच लिहिलेलं, स्टॅमिना वाढवा, थकल्यावर शॉट खाली. पहिल्या पाळीच्या एकाही पोराच्या वहीत ते नाही.

मग शोधलं. हवा मोठ्या सिलिंडरमधून भरतात, आणि त्याच्यातलाच दाब महिनाअखेरीस उतरलेला असतो तर रायफलमध्ये २०० कुठून येणार, जेवढं तिकडे तेवढंच इकडे. दीडशेवर भरली तरी कोणी लिहून ठेवत नाही. त्यात या रायफलला लीकेज. संध्याकाळी गेजचा मोबाईलवर फोटो काढला, सकाळी पुन्हा काढला, एका रात्रीत पस्तीस बार उतरलं. दुसऱ्या रात्री सिलिंडर काढून वेगळा ठेवला तर काटा जागचा हलला नाही. म्हणजे सिलिंडर चांगला, लीकेज जोडावर. जोडावरची ओ-रिंग बदलली, त्याच मापाची आणि त्याच ग्रेडची आणून, काम संपलं. तर्री पोह्याच्या दोन प्लेटींच्या पैशात ती ओ-रिंग येते. पुढच्या आठवड्यात पोरीचे साठच्या साठ शॉट एका उंचीवर होते. घरी आली, काही बोलली नाही, जेवली आणि झोपली, कितीतरी दिवसांनी शांत झोपली.

सर, माझं म्हणणं एवढंच आहे. नवीन पोराला स्वतःची चूक आणि बंदुकीची चूक यातला फरक कळत नाही. त्याला कळायला पाहिजे ही अपेक्षाच चुकीची आहे. २०२१ ला टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपल्या मनू भाकरच्या एअर पिस्तुलात क्वालिफिकेशन चालू असतानाच बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला, उरलेले शॉट घाईत मारावे लागले, ५७५ वर थांबली, बारावी आली, दोन पॉइंटनं फायनल गेली. पण तिला त्याच क्षणी कळलं होतं की पिस्तूल बिघडलं, सोबत माणसं होती, जगानं बघितलं. तीन वर्षांनी पॅरिसला तिनं दोन ब्राँझ आणली. आपल्या मानेवाड्याच्या, नंदनवनच्या, पारडीच्या पोट्ट्याचं पिस्तूल बिघडलं तर त्याला एवढंच कळतं की आपल्याच्यानं होत नाही. तो घरी जातो आणि परत येत नाही. तुमच्या रजिस्टरमध्ये तो फी न भरल्यामुळे बंद झाला असं दिसत असेल.

हवेइतकीच दुसरी गोष्ट साईटची. एका रायफलवर चार-पाच पोरं, प्रत्येकाचा चेहरा वेगळा, मान वेगळी, डोळा वेगळा, त्यामुळे प्रत्येक जण आल्यावर साईट फिरवतो, मग पुढचा फिरवतो, कोणाचे किती क्लिक (साईट एक टप्पा फिरवली की एक क्लिक) कुठे लिहिलेलं नाही. पहिले वीस शॉट साईट जागेवर आणण्यातच जातात आणि एवढ्या महाग छर्ऱ्यांचा चुराडा. वर रोजच्या या फिरवाफिरवीनं साईटचा स्क्रू ढिला होतो, आटे झिजतात. तिच्या बॅचमधल्या एका पोराचं एका स्पर्धेत हेच झालं, मधेच मागच्या साईटचा स्क्रू सुटला, साईट एका बाजूला सरकली, पोरगं उरलेले वीस-बावीस शॉट उजवीकडे मारत राहिलं. हात वर करून अधिकाऱ्यांना बोलवायचं असतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं! त्याला वाटलं हात वर केला तर बाहेर काढतील. ७५ मिनिटांत ६० शॉट, घड्याळ समोर, घाबरलेलं तेरा वर्षांचं लेकरू, ते काय करणार. क्लबमध्ये पोझिशन शिकवता तसं हेही शिकवा, बिघाड वाटला की नळी टारगेटकडेच ठेवून बंदूक खाली ठेवायची, जागा सोडायची नाही, हात वर करायचा. महिन्यातून एकदा खोटा बिघाड करून प्रॅक्टिस घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आता आपल्या नागपूरचं सांगतो, कारण कंपनीच्या पुस्तकात कूलरबद्दल काही लिहिलेलं नसतं. मार्च ते जून आपल्याकडे रेंजवर डेझर्ट कूलर लागतो, त्याशिवाय जॅकेट घालून कोणी उभंच राहू शकत नाही, ते मान्य. पण कूलरची ओली हवा सरळ बंदुकांच्या कपाटावर सोडलेली मी दोन ठिकाणी बघितली. स्क्रूवर गंज तिथूनच येतो. आणि कॉम्प्रेसर जर त्याच खोलीत असेल तर तो ती ओली हवाच ओढतो, दाबतो, आणि पाणी सिलिंडरमध्ये जातं, तिथून व्हॉल्व्हमध्ये, रेग्युलेटरमध्ये. आमच्या कारखान्यात ड्रायरशिवाय हवेची लाईन आम्ही चालूच करत नाही आणि तिथं फक्त सहा-सात बार असते. इथे २०० बारला तुम्ही फिल्टर बदललाय का ते तरी बघा. कॉम्प्रेसर खोलीच्या बाहेर सावलीत ठेवा, कूलरचं तोंड कपाटाकडून फिरवा, झालं, याला काही पैसे लागत नाहीत.

पालकांसाठीही एक, ज्यांच्या पोरांची स्वतःची बंदूक आहे. मेमध्ये ४५ डिग्रीला गाडी उन्हात आणि डिक्कीत भरलेला सिलिंडर, असं करू नका. पंचवीस डिग्रीला २०० बार भरलेली हवा साठ डिग्रीला २२० च्या वर जाते, बंद डिक्कीत साठ व्हायला वेळ लागत नाही. सीलचं वाटोळं होतं आणि धोका तो वेगळा.

तेलाबद्दल मात्र मी हात जोडून सांगतो. एका ठिकाणी हवा भरायच्या जोडाला शिलाई मशीनचं तेल लावून राहिला होता एक मुलगा, लीक थांबतं म्हणे. बाबांनो, एवढ्या दाबाच्या हवेत साधं तेल पेट घेऊ शकतं, आतल्या आत. आमच्या लाईनीत हा पहिल्या दिवसाचा धडा असतो. कंपनीनं सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस, तेही बोटावर घेऊन पुसल्यासारखं, त्याशिवाय तिथे काही जाता कामा नये. हा नियम कपाटावर मोठ्या अक्षरात लावा.

छर्ऱ्यांचंही थोडं बोलतो. स्टीलच्या वाटीत तीन वेगवेगळ्या डब्यांचे छर्रे एकत्र ओतलेले असतात, नवीन पोरांना काय फरक पडतो म्हणून. शिसं इतकं मऊ असतं की मागचा घेर नुसता आपटल्यानं वाकडा होतो, आणि वाकडा छर्रा सरळ जात नाही. ४.५ मिलिमीटरचे म्हणून सगळे सारखे नसतात, डोक्याच्या मापातही शंभराव्या हिश्श्याचा फरक असतो आणि एखाद्या नळीला एकच माप आवडतं. नवीन पोराला भारीतला डबा देऊ नका, पण जो द्याल तो एकच द्या आणि डब्यातूनच द्या. आणि हो, शिसं आहे ते, पोरं हात न धुता टपरीवर समोसा खायला पळतात, रेंजच्या बाहेर एक बेसिन आणि साबण ठेवाच.

अजून एक राहिलं. स्कोअर वाढत नाही म्हटल्यावर पालकांना सांगितलं जातं की स्वतःची रायफल घ्या. बाहेरून येणारी चांगली रायफल दोन लाखांच्या पुढे जाते. ओळखीतल्या एकानं कर्ज नको म्हणून सेकंड हँड घेतली, रायफल खरंच चांगली निघाली, पण सिलिंडरवरची तारीख कोणी बघितली नाही. उत्पादनापासून दहा वर्षं झाली की आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तो सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. चेकिंगला पोरीला परत पाठवलं, नवीन सिलिंडर मागवण्यात दीड महिना गेला आणि स्पर्धा गेली. तारीख सिलिंडरवरच कोरलेली असते, वाचायला अर्धं मिनिट लागतं. क्लबच्या सिलिंडरच्या तारखा तुम्ही शेवटच्या कधी वाचल्या होत्या?

आणि रायफल विकत घ्यायला सांगायच्या आधी क्लबची रायफल तपासून दाखवा ना. नवीन बंदूक येते तेव्हा डब्यात फॅक्टरीचा टेस्ट कार्ड येतो, पाच शॉट आणि दिसायला एकच भोक. तसंच आपण करायचं. टेबलावर वाळूची पिशवी, त्यावर रायफल टेकवून सरांनी स्वतः दहा शॉट मारायचे, तेही दोनदा, एकदा सिलिंडर भरलेला असताना आणि एकदा संध्याकाळी सगळ्या पाळ्या झाल्यावर. दोन्ही कागदांवर तारीख आणि गेजचा आकडा टाकून ते त्या बंदुकीच्या हुकालाच लटकवायचे. दोन्ही ग्रुप, म्हणजे भोकांचे पुंजके, एकाच जागी असतील तर मग खुशाल पोराला म्हणा की बाळा, तुझा हात हलतोय, तो मानेल. नसतील तर त्या दिवशी पोरांच्या वहीत काही लिहू नका.

त्याच हुकाला एक वही बांधा, शंभर पानी साधी. हवा कधी भरली, किती भरली, पाळी संपल्यावर किती राहिली, कोणत्या पोराचे किती क्लिक, सील कधी बदललं. पोरांनाच लिहू द्या. माझी लेक आता शूटिंगच्या आधी आणि नंतर गेज बघून लिहिते, दोन्ही वेळा बोल्ट उघडा ठेवून बाजूनं बघते, आणि तिचं पाहून तिच्या लेनवरचे बाकीचेही लिहायला लागले. शंभराच्या खाली आली की शूटिंग थांबवून हवा भरायची असं त्यांनी आपसातच ठरवलं आहे. मागच्या महिन्यात त्यातल्याच एकानं सरांना सांगितलं की सर, पिस्तूल नंबर दोन रात्रीत वीस बार सोडून राहिलं, आणि ते खरंच सोडत होतं.

तुमच्या अडचणी मला माहीत नाहीत असं नाही. फी वाढवली की पोरं कमी होतात, मेकॅनिक नागपुरात मिळत नाही, बंदूक दुरुस्तीला मुंबई-पुण्याला पाठवायची म्हटलं की महिना जातो आणि तेवढे दिवस लेन रिकामी. कोच सरांना दुपारी चारपासून रात्री नऊपर्यंत मान वर करायला वेळ नसतो, त्यात मेंटेनन्स कोण बघणार. म्हणूनच मी फक्त तक्रार लिहून थांबत नाही. मला रविवारी सुट्टी असते. ज्या क्लबला पाहिजे तिथे मी येतो, पैसे नको. गेजचं रात्रीचं रीडिंग कसं घ्यायचं, साबणाच्या पाण्यानं जोडाचं लीकेज कसं शोधायचं, कोणता स्क्रू किती आवळायचा आणि कुठे थांबायचं, एवढं तुमच्या मोठ्या पोरांना शिकवून जातो. रेग्युलेटर आणि ट्रिगर मी उघडणार नाही, ते कंपनीच्या माणसाचं काम, त्यात मी किंवा कोणीच हात घालू नये. पण माझा अनुभव सांगतो की दहातली सात दुखणी त्याच्या आधीच सापडतात.

ॲलन कीचा सेट, ओ-रिंगचा डबा आणि वाळूची पिशवी माझ्याकडे आहे. कपाटाची किल्ली रविवारी कोणाकडे असते तेवढं कळवा.

आपला,
एक पालक, नागपूर